वारसांनी न नेलेले सामान घरी ठेवून घेण्यापूर्वीची तयारी

आत्याच्या निधनानंतर तिची भाड्याची खोली रिकामी करताना दोन्ही आतेभाऊ “सध्या तुमच्याकडे राहू द्या” म्हणाले आणि कुलूपबंद ट्रंक, शिलाई मशीन व पितळी भांड्यांचे पोते आमच्या माळ्यावर आले. तेव्हा जे करायचे राहून गेले, ते येथे लिहीत आहे.

असे सामान वारसांचेच राहते. आपण केवळ सांभाळणारे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूंची जितकी काळजी घेईल तितकी आपणही घ्यावी लागते, मग त्यासाठी मोबदला मिळो वा न मिळो. एवढे करूनही वस्तू खराब झाल्यास कलम १५२ संरक्षण देते, मात्र काळजी घेतल्याचे दाखवता आले पाहिजे.

म्हणून सामान हलवण्याआधी दोन साक्षीदारांसमोर यादी करावी. “भांडी, एक पोते” असे न लिहिता “पितळी समई, उंची दीड फूट, एक पाकळी वाकलेली” असे लिहावे, फोटो काढावेत आणि यादीवर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात. आप्तांकडे सही मागणे जड जाते, पण पुढे “पाटल्या कुठे गेल्या?” हे ऐकणे त्याहून जड जाते. सर्व वारस म्हणताना मुली विसरू नयेत: आत्याचे मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आतेबहिणीचा हक्क भावांइतकाच होता, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

ट्रंक वारसांच्या गैरहजेरीत उघडू नये. सामानात बंदूक आढळल्यास ती विनाविलंब पोलिसांकडे जमा करावी.

वाळवीचे औषध, वाहतूक अशा आवश्यक खर्चाच्या पावत्या जपाव्यात. विनामोबदला सांभाळणाऱ्याला तो खर्च करार कायद्याच्या कलम १५८ खाली वारसांकडे मागता येतो. जागा अपुरी पडली, तरी परस्पर भंगारात काहीही देऊ नये. सामान नेण्यासाठी ठरावीक मुदत देणारी लेखी नोटीस प्रत्येक वारसाला स्पीड पोस्टने पाठवावी, पोच जपावी आणि त्यानंतरही कोणी न आल्यास विक्रीचा विचार वकिलाच्या सल्ल्यानेच करावा. तीन वर्षे उलटली की सामान आपले होते, हा समज चुकीचा आहे. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७० मधील तीन वर्षे ही सामान परत मिळवण्याचा दावा लावण्याची मुदत असून ती वारसांची मागणी आपण नाकारल्याच्या तारखेपासून मोजली जाते.

सामान परत देताना तीच यादी पुढे ठेवावी, प्रत्येक वस्तूसमोर नेणाऱ्याची सही व तारीख घ्यावी आणि ट्रंकेची किल्लीही त्यात वेगळी नोंदवावी.