स्टेंटनंतरच्या गोळ्या: डॉक्टरांकडे नेण्याचा एक कागद आणि त्यावरच्या दोन बेरजा

सांगलीत विश्रामबागेत माझं औषधांचं दुकान आहे. स्टेंट, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेले पेशंट महिन्याच्या महिन्याला पट्ट्या न्यायला येतात. तरी हा कागद मी पहिल्यांदा बनवला तो माझ्या सासऱ्यांसाठी, आणि तोही उशिरा.

अण्णांना जानेवारीच्या शेवटी स्टेंट बसला. अटॅक आला नव्हता, चालताना छातीत भरून यायचं म्हणून तपासणी केली होती. वय ७६, वजन ५८ किलो, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू झालं, हिमोग्लोबिन १२.२ होतं म्हणून आयर्नच्या गोळ्याही. एप्रिलच्या खरड छाटणीत गुडघे धरले आणि त्यांनी गावातच कुणाकडून तरी डायक्लोफेनॅक ही सांधेदुखीची गोळी घेऊन दहा-बारा दिवस खाल्ली. "शौचाला काळं होतंय गं," असं ते फोनवर म्हणाले. मी म्हटलं, "आयर्नच्या गोळ्यांनी होतं अण्णा." होतंही तसं. पण आयर्नमुळे फक्त रंग बदलतो. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं होत असेल तर ते पोटातलं रक्त असतं, आणि मी तेवढा एक प्रश्न विचारला नाही. आठवडा गेला. मिरजेला दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन १०.८ होतं.

आता कागद. ए-फोर कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा "गुठळीचा धोका", उजवीकडे "रक्तस्रावाचा धोका". या गोळ्यांना आपण रक्त पातळ करणाऱ्या म्हणतो, पण रक्त पातळ होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत, एवढंच. त्या चिकटल्या तर स्टेंट बंद पडू शकतो, मुळीच चिकटल्या नाहीत तर कुठलीही जखम वाहत राहते. म्हणून एकाच बाजूची बेरीज घेऊन डॉक्टरांसमोर बसू नका.

रेघेच्या वर माहिती भरा: वय, वजन, उंची, मधुमेह आहे का, स्टेंटची तारीख, तो अटॅकमध्ये बसला की ठरवून, पूर्वी कधी रक्तस्राव झाला का. रक्ताच्या ताज्या रिपोर्टमधून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि मूत्रपिंडाचा आकडा म्हणजे क्रिएटिनिन घ्या. क्रिएटिनिनवर थांबू नका. अण्णांचं १.४ होतं, रिपोर्ट बघणारा म्हणतो "थोडंच वाढलंय". लॅबवाले त्याच्याखाली ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं याचा अंदाज, छापतात, तो ५२ होता, म्हणजे ६० च्या खाली. काही तक्त्यांना क्रिएटिनिन क्लिअरन्स लागतो, तोही मूत्रपिंडाच्या कामाचाच अंदाज. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाईमाणूस असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. अण्णांचं: ६४ गुणिले ५८ भागिले १००.८, म्हणजे साधारण ३७. काटक म्हाताऱ्या माणसांचं मूत्रपिंड क्रिएटिनिनच्या आकड्यामागे असं लपून राहतं.

उजवी बाजू आधी भरा, कारण ती हाताने मोजता येते. रक्तस्रावाचा धोका कुणाला जास्त हे ठरवायला २०१९ मध्ये ठरलेले एआरसी-एचबीआर निकष आहेत. त्यांत काही मोठे, काही लहान. एक मोठा किंवा दोन लहान भरले तर रक्तस्रावाचा धोका जास्त समजायचा. वय ७५ किंवा पुढे हा लहान. ईजीएफआर ३० ते ५९ लहान, ३० च्या खाली मोठा. पुरुषांत हिमोग्लोबिन ११ ते १२.९, बायकांत ११ ते ११.९ लहान, ११ च्या खाली दोघांतही मोठा. प्लेटलेट एक लाखाच्या खाली मोठा. वॉरफरिनसारखी गुठळी रोखणारी गोळी कायमची चालू असेल तर मोठा. सांधेदुखीच्या गोळ्या किंवा स्टिरॉइड सतत चालू असतील तर लहान. यादी याहून लांब आहे, घरी एवढी पुरते.

जानेवारीतले अण्णांचे आकडे यात घाला. वय, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन. दोन लहान पुरे असताना तीन होते, डायक्लोफेनॅकची पहिली गोळी तोंडात जाण्याआधी. ही बेरीज तेव्हा कागदावर असती तर छाटणीच्या आधीच मी त्यांना पॅरासिटामॉलची पट्टी देऊन, दुसरी कुठली गोळी घ्यायची नाही म्हणून बजावलं असतं.

प्रिसाइज-डॅप्ट म्हणून २०१७ चा आणखी एक तक्ता आहे. वय, क्रिएटिनिन क्लिअरन्स, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि आधीचा रक्तस्राव या पाच गोष्टींवरून गुण निघतात, २५ किंवा वर म्हणजे धोका जास्त. तो हाताने करू नका, डॉक्टरांकडे कॅल्क्युलेटर असतो. तुम्ही पाच आकडे तयार ठेवा.

आता डावी बाजू, इथे जनुक येतं. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती औषध नसतेच, यकृतात तिचं औषध व्हावं लागतं. तिचा मोठा भाग वायाच जातो, उरलेल्यावर मुख्यतः सीवायपी टू सी नाइन्टीन नावाचं एन्झाइम काम करतं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रत बिघडलेली असेल तर गोळीचं औषध कमी बनतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर याचा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे हे दुर्मीळ नाही, भारतीय उपखंडात निम्म्याच्या आसपास लोकांत निदान एक प्रत अशी असते.

२०२० चा एबीसीडी-जीन गुणांक याच बाजूचा. वय ७५ च्या पुढे असेल तर ४ गुण. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० च्या पुढे, ४. ईजीएफआर ६० च्या खाली, ३. मधुमेह, ३. जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर ६, दोन्ही असतील तर २४. बेरीज १० किंवा जास्त आली तर क्लोपिडोग्रेल पुरेशी लागू न पडण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे लठ्ठपणा बीएमआय २५ पासूनच धरतात, म्हणून कुणी ३० च्या जागी २५ घालू नका. गुण ३० धरूनच बांधलेत.

अण्णांचे वयाचे ४ आणि मूत्रपिंडाचे ३, मिळून ७. बीएमआय २१, मधुमेह नाही. जनुक-तपासणी डॉक्टरांनी सांगितली ती एका नेमक्या प्रश्नासाठी: रक्तस्रावानंतर दोनपैकी एकच गोळी ठेवायची तर कुठली? रिपोर्टमध्ये "*१/*२" आलं. *१ म्हणजे चालणारी प्रत, *२ आणि *३ बिघडलेल्या. *१७ दिसली तर घाबरू नका, या बेरजेत तिला गुण नाहीत. ७ चे १३ झाले. स्टेंटला तीन महिने होऊन गेले होते, तेव्हा क्लोपिडोग्रेल थांबवून ॲस्पिरिन ठेवली, सोबत ॲसिडिटीची पँटोप्राझोल. हा निर्णय अण्णांचा आहे, तो उचलून दुसऱ्याला लावू नका. वय आणि मूत्रपिंड त्यांच्या कागदावर दोन्हीकडे मोजले गेले होते. १३ बघून जास्त जोरकस गोळी द्यावी म्हटलं तर प्रासुग्रेल ७५ च्या पुढे किंवा ६० किलोच्या आत जपून देतात, पक्षाघात होऊन गेलेल्याला देतच नाहीत. टिकाग्रेलरने रक्तस्राव वाढतो. असा गुंता डॉक्टरांनीच सोडवायचा असतो, आणि म्हणून बेरीज कितीही आली तरी स्वतःहून गोळी बंद करायची नाही. पहिल्या महिन्यात तर एक दिवसही नाही. जनुक-तपासणीही प्रत्येकाला लागत नाही. केलीच तर रिपोर्ट जपून ठेवा, तो जन्मभर बदलत नाही. बाकीचे आकडे बदलतात, म्हणून कागदावर तारीख घाला.

कागदाच्या मागे चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, पण पट्टीवरचं मोठं नाव नको, मागे बारीक अक्षरात असतो तो घटक लिहा. एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी अशी तिन्ही असतात, आणि घरच्यांना वाटतं एकच औषध आहे. आमच्याकडे क्लोपिडोग्रेल बंद झाल्यावर कपाटात जुन्या दोन पट्ट्या निघाल्या, त्या मी दुकानात आणून वेगळ्या काढल्या. ॲसिडिटीची गोळीही लिहा. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्याच एन्झाइमला अडवतात, म्हणून क्लोपिडोग्रेल चालू असताना पँटोप्राझोल बरी पडते, ती बदलायची मात्र डॉक्टरांना विचारून.

दात काढायचा असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तिथेही हाच कागद आधी दाखवा, आणि गोळी थांबवायची का हे ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना फोन करून विचारा.