'गेट' कुठे, कसं वापरायचं

इंग्रजीतल्या 'गेट' (get) या क्रियापदाचा अर्थ पुढच्या शब्दावरून ओळखा. पुढे वस्तू आली तर 'मिळणे' किंवा 'आणणे': आय गॉट अ सोलापूर चादर. विशेषण आलं तर 'होणे': सोलापुरात मार्चपासूनच 'इट गेट्स हॉट'. ठिकाण आलं तर 'पोहोचणे', आणि मध्ये 'टू' हवा: गेट टू सोलापूर. पण 'होम', 'हिअर', 'देअर'च्या आधी 'टू' घालू नका. मराठी माध्यमाची मुलं हमखास इथंच चुकतात.

खरी मजा 'करवून घेणे' या अर्थात आहे. गणवेश शिवून घेतला: आय गॉट द युनिफॉर्म स्टिच्ड. इथे क्रियापदाचं तिसरं रूपच लागतं. शिंप्याचा उल्लेख आला की रचना बदलते: आय गॉट द टेलर टू स्टिच इट. 'मेक' वापरलंत तर मात्र हा 'टू' गळतो: आय मेड द टेलर स्टिच इट.