मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांचे प्रमाण घरोघरी जाऊन कसे मोजावे : मराठवाड्यातील पाहणीसाठी मार्गदर्शन

बीड किंवा हिंगोली जिल्ह्यात फिटचे रुग्ण किती आणि अर्धांगवायूचे किती, असे विचारले की बहुतेक जण रुग्णालयाच्या नोंदवहीकडे वळतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या नोंदवहीत पुष्कळ नावे सापडतील. पण ती किती लोकसंख्येतून आली हे तिच्यावरून कळत नाही, आणि जो खासगी दवाखान्यात गेला, मांत्रिकाकडे गेला किंवा कुठेच गेला नाही, त्याची तिच्यात नोंदच नसते. अंश हाती येतो, छेद येत नाही. त्यामुळे समाजातील खरे प्रमाण हवे असेल, तर ठरावीक गावांतील प्रत्येक घरी जाण्याला पर्याय नाही.

सुरुवात व्याख्येपासून करावी. अपस्मार म्हणजे तात्कालिक कारणाशिवाय, किमान २४ तासांच्या अंतराने आलेल्या दोन किंवा अधिक फिट, अशी व्याख्या पाहणीसाठी सोयीची आहे. लहान मुलांना तापात येणारे झटके वेगळ्या रकान्यात लिहावेत, नाहीतर आकडा विनाकारण फुगतो. गेल्या ५ वर्षांत फिट आलेला किंवा गोळ्या चालू असलेला रुग्ण ‘सक्रिय’ धरावा. पक्षाघातासाठी, म्हणजे अर्धांगवायूसाठी, लक्षणे २४ तासांहून अधिक टिकलेली असावीत. शिवाय एक संदर्भदिनांक, उदाहरणार्थ १ मे, पक्का करावा आणि त्या दिवशी हयात असलेल्यांनाच मोजावे.

किती लोक पाहायचे, हे आजार किती विरळ आहे यावर ठरते. अपस्माराचे प्रमाण हजारी ५ धरले आणि अंदाज २० टक्क्यांच्या आत चुकावा अशी अपेक्षा ठेवली, तर साध्या यादृच्छिक निवडीत सुमारे १९,१०० माणसे लागतात; पण आपण माणसे नव्हे तर अख्खी गावे निवडतो, म्हणून ती संख्या दीडपट, म्हणजे २८,७०० च्या आसपास न्यावी आणि घरी न भेटणाऱ्यांसाठी आणखी दहा टक्के जागा ठेवावी. कंपवात (पार्किन्सन) हजारी १ धरला, तर तेवढ्याच अचूकतेसाठी साध्या निवडीतही ९६,००० माणसे लागतात. लहान पथकाने एकाच फेरीत सगळे आजार मोजण्याचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. अपस्मार आणि पक्षाघात नीट मोजून झाले तरी ते काम मोठे आहे.

मराठवाड्यात खरी कसोटी छेदाची असते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत पाहणी केली तर निम्म्या घरांना कुलपे दिसतील, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसेच मोजली जाऊन पक्षाघाताचे प्रमाण भलतेच वाढलेले दिसेल. म्हणून एप्रिलअखेरपासून पेरणीपर्यंतचा काळ निवडावा, उन्हामुळे भेटी सकाळी आणि दिवस मावळताना ठेवाव्यात, आणि ‘आज घरात कोण आहे’ याऐवजी ‘या चुलीवर एरवी कोण जेवते’ असे विचारून कुटुंबाची यादी करावी. बंद घर तीन वेगवेगळ्या वेळी पाहिल्याशिवाय सोडू नये. गावाचा नकाशा काढताना शेतवस्त्या आणि तांडे हमखास सुटतात, कारण ते महसुली गावाच्या नावाखाली झाकलेले असतात; आशाताईंची यादी आधाराला घ्यावी, पण तिच्यावर थांबू नये. तांड्यावर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारा साथीदार बरोबर असावा.

प्रश्नावली भाषांतरित नको, गावच्या बोलीतली हवी. ‘आपणास अपस्मार आहे काय’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येते. त्याऐवजी, ‘मावशी, घरात कुणाला कधी फिट, फेफरे, मिरगी आली का? अचानक पडून दातखीळ बसली, हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, असे कुणाचे झाले का?’ असे विचारावे. अर्धांगवायूसाठी ‘अंगावरून वारे गेले का’ हाच शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी आहे; मात्र नुसते तोंड वाकडे झाल्यालाही काही जण वारेच म्हणतात, म्हणून हातापायाची ताकद गेली होती का, हे लगेच विचारावे. ‘अंगात येते’ असे उत्तर आल्यास ते खोडून काढू नये. त्या वेळी शुद्ध होती का, जीभ चावली का, लघवी झाली का, एवढे लिहून घ्यावे आणि निर्णय डॉक्टरांवर सोडावा. लग्नाच्या मुलीची किंवा नव्या सुनेची फिट घरचे लपवतात. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट गेली, तरी सोयरिकीच्या बैठकीत ती अजून जिवंत आहे. म्हणून स्त्रियांशी स्त्री कार्यकर्तीने, सासूच्या गैरहजेरीत, वेगळे बोलावे.

ही प्रश्नावली आधी ज्ञात रुग्णांवर आणि निरोगी माणसांवर वापरून किती रुग्ण पकडते, ते तपासावे. प्रत्यक्ष पाहणीत ‘होय’ म्हटलेल्या प्रत्येकाला मेंदूविकारतज्ज्ञाने पाहावे, आणि ‘नाही’ म्हटलेल्यांपैकीही यादृच्छिकपणे निवडलेल्या काहींना पाहावे. सुटलेल्या रुग्णांचा अंदाज त्यावरूनच येतो. तपासणी शिबिर प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते, पण अंथरुणाला खिळलेला माणूस शिबिराला येत नाही. त्याच्याकडे डॉक्टरनेच जावे.

नीतिमत्ता समितीची मान्यता आणि लेखी संमती आधी घ्यावी. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची. ज्याला फिट असल्याचे आपल्यामुळे कळले, त्याला गोळ्या कुठे मिळतील ते त्याच दिवशी सांगावे आणि रुग्णांची नावे ग्रामपंचायतीत कुणाच्याही हाती लागू देऊ नयेत.

तुलना करताना वयाकडे दुर्लक्ष करू नये. मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० लोकांच्या पाहणीत कंपवाताचे प्रमाण लाखी ३२८ आले, ते बऱ्याच अंशी तिथल्या वृद्धांच्या मोठ्या संख्येमुळे; आपला आकडा त्याशेजारी ठेवण्यापूर्वी दोन्ही एकाच प्रमाणित वयरचनेवर आणावेत. बंगळुरूच्या शहरी-ग्रामीण पाहणीत १,०२,५५७ लोकांमध्ये मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांचे एकूण प्रमाण लाखी ३,३५५ होते आणि ग्रामीण भागात ते शहराच्या जवळपास दुप्पट होते, त्यामुळे शहरी आकडे उचलून लातूरच्या खेड्याला लावणे धोक्याचे आहे. आणि ३०,००० लोकांत १५० रुग्ण सापडले, तर अहवालात नुसते ‘हजारी ५’ लिहू नये. गावनिवडीचा परिणाम धरून ‘हजारी ४ ते ६’ असे लिहावे, आणि किती घरे शेवटपर्यंत बंद राहिली तो आकडा त्याच तक्त्यात द्यावा.