माशांना कळणारा धोक्याचा वास: प्रयोगात आणि टाकीत या चुका टाळा

टाकीत माशाच्या फाटलेल्या त्वचेचा अर्क सोडला, मासे पूर्वीसारखेच फिरत राहिले, आणि वहीत नोंद झाली: ‘या जातीला धोक्याचा वास कळत नाही.’ अशा नोंदी बऱ्याचदा चुकीच्या ठरतात. वास माशाच्या नाकापर्यंत पोहोचलाच नव्हता, पोहोचला तेव्हा नाकच बधिर होते, किंवा मासा इतका भुकेला होता की त्याने धोका पत्करायचे ठरवले. उलट गोंधळही तितकाच होतो. अमोनियाने बेजार झालेले मासे पाहून ‘घाबरले’ अशी नोंद होते. दोन्ही प्रकारच्या चुका टाळायच्या तर वास कुठून येतो आणि कुठे जातो, हे आधी पक्के करावे लागते.

मूळ गैरसमज: घाबरलेला मासा भयद्रव्य ‘सोडतो’

कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो माशांवर हे प्रथम नोंदवले. जखमी मासा कळपात परत सोडला की बाकीचे मासे बिचकून पळत. त्या द्रव्याला त्यांनी जर्मनमध्ये ‘श्रेकस्टॉफ’, म्हणजे भयद्रव्य, असे नाव दिले. मिनो, झेब्राफिश, रास्बोरा, टेट्रा, मांगूर या मोठ्या गटातल्या माशांच्या त्वचेत मुद्गलाकार (गदेसारख्या आकाराच्या) पेशी असतात आणि या द्रव्याचा स्रोत म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. या पेशींना बाहेर उघडणारे तोंड नसते. त्वचा फाटली, चावली गेली किंवा खरवडली तरच त्या फुटतात आणि द्रव्य पाण्यात मिसळते. म्हणजे मासा ते ठरवून सोडत नाही.

मग जखम न होता नुसत्या घाबरलेल्या माशाकडूनही शेजाऱ्यांना इशारा मिळतो, तो कसा? तो वेगळा प्रकार आहे. लघवी किंवा कल्ल्यांवाटे बाहेर पडणारी अमोनिया, युरियासारखी द्रव्ये सौम्य ‘अस्वस्थतेची खूण’ देतात. तिने मासे सावध होतात, पण जखमेच्या वासाइतकी तीव्र धावपळ सहसा करत नाहीत. प्रयोग लिहिताना या दोन खुणा एकाच शब्दात गुंडाळल्या की पुढचे सारे अर्थ घसरतात.

भयद्रव्य म्हणजे एकच ठरलेले रसायन, हेही गृहीत धरू नका. बराच काळ हायपोझँथिन-३-एन-ऑक्साइड हे नाव पुढे होते. २०१२ मध्ये झेब्राफिशवरील कामातून कॉन्ड्रॉइटिन या साखरेच्या लांब साखळीचे तुकडेही भीतीची प्रतिक्रिया घडवतात, असे दिसले. बाटलीतले एखादे शुद्ध रसायन त्वचेच्या संपूर्ण अर्काची जागा घेईल असे समजून चालत नाही. ते वापरायचे असेल तर ताज्या अर्काशी शेजारी ठेवून तुलना करा.

अर्क बनवतानाच्या चुका

सर्वात आधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या. मासा वेदनेशिवाय मारायचा आहे आणि त्याची पद्धत जातीनुसार बदलते. झेब्राफिशसारख्या लहान उष्णकटिबंधीय माशाला २ ते ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात झटपट थंड करणे स्वीकारले जाते. थंड पाण्याच्या जातींना हेच लागू होत नाही. भुलीचे औषध वापरले तर त्याचा अंश अर्कात जातो. म्हणून तुलनेच्या नमुन्यातही (अर्काऐवजी सोडायच्या पाण्यात) तेच औषध, त्याच प्रमाणात असू द्या. हा मुद्दा हमखास सुटतो आणि मग ‘त्वचेच्या वासाचा’ म्हणून औषधाचाच परिणाम मोजला जातो.

झेब्राफिशसाठी चालणारी एक पद्धत अशी. माशाच्या दोन्ही बाजूंना धारदार पात्याने १० ते १५ उथळ चिरा द्या. चिरा त्वचेतच राहू द्या. मांसात किंवा आतड्यापर्यंत गेलात तर रक्त, पित्त आणि पचलेले अन्न अर्कात उतरते. मग १० मिली डिस्टिल्ड पाण्याने त्या बाजू धुऊन पाणी गोळा करा, काचेच्या लोकरीतून गाळा आणि लगेच बर्फावर ठेवा. लगेच वापरायचा नसेल तर लहान लहान भागांत वाटून उणे २० अंशांवर गोठवा. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नका.

मेजावर किंवा टाकीच्या पाण्यात ठेवलेला अर्क फार टिकत नाही, काही तासांत त्याचा जोर ओसरतो. सकाळी बनवून दुपारी वापरला आणि प्रतिक्रिया आली नाही, तर आधी या कारणाकडे पाहा.

मात्रेबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. फॅटहेड मिनोच्या एक चौरस सेंटीमीटर त्वचेतले द्रव्य सुमारे ५८,००० लिटर पाण्याला सक्रिय करू शकते, असा अंदाज प्रयोगांतून निघाला आहे. त्यामुळे ‘जास्त अर्क टाकला म्हणजे चांगला’ हा हिशेब लागू पडत नाही. मूळ अर्क, दहापट विरळ आणि शंभरपट विरळ अशा तीन मात्रा आधी तपासा आणि ज्या मात्रेला स्पष्ट पण सहन होणारी प्रतिक्रिया येते तीच मुख्य प्रयोगात वापरा. दाता माशाचीही, म्हणजे ज्याच्या त्वचेचा अर्क काढायचा त्याचीही, नीट निवड करा. प्रजननकाळातल्या फॅटहेड मिनो नरांच्या त्वचेतून या पेशी गळून पडतात. घरटे साफ करताना ते अंग घासतात, मग स्वतःच्याच घरात इशारा पसरायला नको. असा नर दाता म्हणून घेतला की अर्क रिकामाच निघतो.

नळी, सिरिंज आणि हात

सर्वात जास्त प्रयोग इथेच बिघडतात. अर्क वरून ओतला की माशाला सावली, हात आणि लाटा दिसतात. त्याची भीती डोळ्यांनी आलेली असते. म्हणून एअर पंपाची पातळ नळी आधीपासून टाकीत बसवा आणि तिचे दुसरे टोक पडद्यामागे न्या. सुरुवातीला त्या नळीतून ६० मिली पाणी ओढून फेकून द्या, म्हणजे साचलेले पाणी निघून जाईल. मग आणखी ६० मिली ओढून जपून ठेवा. १० मिली अर्क हळू सोडा, त्यापाठोपाठ जपलेले ६० मिली पाणी तितक्याच संथपणे सोडून नळीतला उरलेला अर्क आत लोटा. अर्क आणि तुलनेच्या नमुन्यासाठी वेगळ्या सिरिंज आणि वेगळ्या नळ्या ठेवा. ‘धुऊन वापरू’ हा विचार नको.

प्रयोगाआधी मासे नसलेल्या टाकीत खाद्यरंग सोडून पाहा. रंग पूर्ण पसरायला किती वेळ लागतो, कुठल्या कोपऱ्यात रंग पोहोचत नाही, हे डोळ्यांना दिसते. पसरायला तीन मिनिटे लागत असतील आणि निरीक्षण दोन मिनिटांतच संपत असेल, तर पुढचे सारे आकडे निरर्थक. सहसा ८ ते १० मिनिटे आधी आणि तितकीच नंतर नोंद पुरते. टाकीच्या काचेवर उभ्या-आडव्या रेषा काढून ओलांडलेल्या रेषा, तळाशी घालवलेला वेळ, स्तब्धता आणि कळपाचा घट्टपणा, हे दर १५ सेकंदांनी नोंदवा. नोंद करणाऱ्याला कोणत्या सिरिंजमध्ये काय आहे ते माहीत नसावे. आणि चार मासे असलेली टाकी म्हणजे चार नमुने नव्हेत, एकच. मासे एकमेकांना पाहून धावतात.

तुलना: नुसते पाणी पुरत नाही

अर्काला प्रतिक्रिया आली आणि डिस्टिल्ड पाण्याला नाही, म्हणून ‘भीती’ सिद्ध झाली असे नाही. कदाचित माशांना कोणतेही प्रथिन अनोळखी वाटले असेल. त्यासाठी दूरच्या जातीच्या त्वचेचा अर्कही हवा. स्वोर्डटेलच्या त्वचेचा अर्क यासाठी बराच वापरला जातो, कारण तो मिनो गटाचा नाही. झेब्राफिश आपल्याच जातीच्या अर्काला धावतो आणि स्वोर्डटेलच्या अर्काला शांत राहतो, तेव्हाच इशारा खास त्या वासाचा म्हणता येतो. मात्र गप्पी, सिक्लिड, पर्च, गोबी यांच्यातही जखमी त्वचेच्या वासाला प्रतिक्रिया नोंदलेल्या आहेत. तेव्हा ‘मुद्गलाकार पेशी नाहीत म्हणजे इशाराही नाही’ असे कुणी म्हटले तर मान्य करू नका.

भूक हा दुसरा पडदा. एक-दोन दिवस उपाशी ठेवलेल्या फॅटहेड मिनोंची प्रतिक्रिया मंदावते. खाण्याची गरज धोक्यापेक्षा मोठी ठरते. प्रयोगाच्या दिवशी सर्व टाक्यांत एकाच वेळी, एकाच प्रमाणात खाऊ घाला, आणि नवीन टाकीत किमान २४ तास रुळू द्या.

पाणी नाकाला बधिर करते तेव्हा

माशाचे नाक श्वासासाठी नसते. नाकपुडीतून आत जाणारे पाणी गंधग्राही घड्यांवरून वाहून बाहेर पडते, त्यामुळे पाण्यात जे विरघळले असेल ते थेट त्या पेशींना भिडते. पीएच ६ च्या आसपासच्या आम्ल पाण्यात काही मिनो जातींची भयप्रतिक्रिया नाहीशी झाल्याचे दिसले आहे. अर्क सोडण्याआधी पीएच मोजा.

तांबे त्याहून घातक. कोहो सामन माशांवर लिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या तांब्यानेही वासाची जाणीव कमी झाल्याचे आढळले आहे. समुद्री माशांच्या औषधात लिटरला १५० ते २०० मायक्रोग्रॅम तांबे ठेवतात. म्हणजे औषध चालू असताना वासाचा कोणताही प्रयोग करणे व्यर्थ. पाणी कठीण आहे, तेव्हा तांब्याची काळजी नको, हा समजही धरून बसू नका. कठीणपणा नाकाला फारसे वाचवत नाही, विरघळलेले सेंद्रिय द्रव्य जास्त वाचवते. तांब्याच्या पाइपमधले पाणी वापरत असाल तर रात्रभर साचलेले पाणी सोडून द्या.

शिकवलेली भीती

अनेक मासे शिकाऱ्याचा वास जन्मतः ओळखत नाहीत. भयद्रव्यासोबत तो एकदा जरी आला तरी शिकतात. म्हणून प्रशिक्षण आणि चाचणी यांच्यामध्ये पूर्ण पाणी बदला आणि किमान २४ तास जाऊ द्या, नाहीतर उरलेल्या भयद्रव्यालाच माशांनी दाद दिली असेल. शिकाऱ्याचा वास आधीच पुष्कळदा धोक्याविना दिला असेल, तर नंतरची शिकवणी अवघड होते. शिकारी माशाने काय खाल्ले हेही महत्त्वाचे. त्याच्या आहारात तीच जात असेल तर विष्ठेतूनच इशारा येतो. पाणी गोळा करण्याआधी काही दिवस त्याला दुसऱ्याच जातीचे खाद्य द्या.

घरच्या टाकीत: भीती की विषबाधा?

भीतीत मासे खाली जातात, गटाने एकत्र येतात, झटका देऊन धावतात किंवा थिजतात. सुरुवात काही सेकंदांत किंवा मिनिटांत होते आणि धोका नसेल तर हळूहळू ओसरते. अमोनिया, नायट्राइट किंवा क्लोरीनचा त्रास असेल तर मासे सहसा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले वेगाने हलतात आणि त्रास वाढत जातो. शंका आली की आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य हवेत. शून्य नसतील तर त्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी घालून २५ ते ३० टक्के बदला.

जाळीने पकडताना खवले निघाले तर बाकीचे मासे पुढे बराच वेळ लपून राहू शकतात. मऊ, बारीक जाळी वापरा, काचेला टेकवून ओढू नका. जमेल तिथे भांड्यात घेऊन हलवा. प्रवासाच्या पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. त्यात अमोनिया आणि त्वचेचा स्राव असतो; पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वाढतो आणि अमोनिया अधिक घातक होतो. मेलेला मासा लगेच काढा. कुजताना तयार होणारे कॅडॅव्हरिन झेब्राफिश वासाने टाळतात, त्यासाठी त्यांच्या नाकात टीएएआर १३सी हा खास ग्राही (वास टिपणारे प्रथिन) आहे. मेलेल्या माशाजवळून बाकीचे दूर झाले तर कारण हे असू शकते. त्याला त्वचा फाटल्याची खूण समजू नका.