अमेरिकेतल्या कोरियन आजी-आजोबांचं बीपी आणि शुगर कसं सांभाळावं

न्यू जर्सीतलं पॅलिसेड्स पार्क किंवा फोर्ट ली म्हणजे कोरियन वस्ती. तिथल्या दवाखान्यांत, फार्मसीत, होम केअरमध्ये मराठी नर्स आणि फिजिओ काम करतात. एखाद्या मराठी घरात कोरियन सून असते, मग ओघाने विहीणबाईही येतात. हा लेख अशांसाठी आहे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेली, ड्रायक्लीनिंग आणि किराणा दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत उभी राहिलेली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. कित्येकांची उमेदीची वर्षं विम्याशिवाय गेली, त्यामुळे बीपी आणि मधुमेह उशिरा सापडले.

कोरियात मनात आलं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाता येतं. तिथला माणूस वर्षाकाठी सरासरी पंधराहून जास्त वेळा डॉक्टरकडे जातो. अमेरिकेत तीन महिन्यांनी अपॉइंटमेंट, तीही पंधरा-वीस मिनिटांची. माझं मत असं, की बहुतेकदा गोळी बरोबरच असते, ती घेण्याची घडी मात्र देश बदलल्यावर विस्कटते. ती पुन्हा बसवणं हेच खरं काम.

आधी सगळं टेबलावर मांडा

"कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारलं तर डॉक्टरने दिलेल्या बाटल्यांचीच नावं सांगतील. म्हणून घरात जे जे तोंडात जातं ते पिशवीत भरून आणायला सांगा. त्यात सोलहून बहिणीने पाठवलेल्या गोळ्या निघतील, लाल जिनसेंग या औषधी मुळीचा अर्क निघेल आणि फ्रीजमधून काढलेली, तपकिरी द्रवाने भरलेली सीलबंद पाकिटंही निघतील. हा 'हानयाक', म्हणजे कोरियन वैद्याचा काढा. त्यात बऱ्याचदा 'गामचो' असतं, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. ते रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. मग डॉक्टर बीपीची गोळी वाढवत राहतात आणि काढा आपलं काम करत राहतो. जिनसेंगचं वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाशी जमत नाही, साखरेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

हे ऐकून नाक मुरडू नका. एकदा हसलात की पुढच्या वेळी काढा सांगितलाच जाणार नाही. वैद्याकडून घटकांची यादी मागवा आणि ती डॉक्टरच्या फाइलला लावा. काय थांबवायचं ते डॉक्टर आणि फार्मासिस्ट ठरवतील.

पुड्या परत आणा

कोरियातला फार्मासिस्ट प्रत्येक वेळच्या गोळ्या एकत्र करून छोट्या पुडीत सील करून देतो. सकाळची पुडी, दुपारची पुडी, रात्रीची पुडी, आणि त्यावर ठरलेली सूचना: जेवणानंतर ३० मिनिटांनी. पुडी फाडली की काम झालं. इथे त्याच माणसाच्या हातात सहा केशरी बाटल्या येतात, बारीक इंग्रजी अक्षरांच्या, झाकण दाबून फिरवायच्या.

त्यात ती 'जेवणानंतर'ची सवय हाडीमाशी भिनलेली. नाश्ता टळला की गोळीही टळते. खरं तर बीपीच्या बहुतेक गोळ्यांना जेवणाची अट नसते, मधुमेहाची मेटफॉर्मिन मात्र जेवणासोबत बरी आणि थायरॉइडची गोळी उपाशीपोटीच. उलट बाजूही आहे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या न जेवता घेतल्या तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. खुद्द सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने २०१७ मध्ये ही अर्ध्या तासाची ठरावीक सूचना बदलून 'जेवल्यावर लगेच' अशी केली. आजोबांना हे सांगून पाहा, 'आमच्याकडेसुद्धा बदललं' याला वजन असतं.

म्हणून फार्मसीत तीन गोष्टी मागा: वेळेनुसार पाकिटबंद गोळ्या (बऱ्याच फार्मसी देतात), प्रत्येक औषधाची जेवणाशी असलेली अट आणि कोरियन भाषेतल्या सूचना. कॅलिफोर्नियात राज्याच्या फार्मसी बोर्डाने नेहमीच्या सूचना कोरियनसह पाच भाषांत तयार करून ठेवल्या आहेत.

नातीला दुभाषी करू नका

सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्याने दुभाषी फुकट द्यायचा असतो, त्याला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार आहे. अपॉइंटमेंट घेतानाच कोरियन दुभाषी हवा असं सांगून ठेवा. शाळकरी नातीसमोर आजी बद्धकोष्ठ, लघवी, उदासी यातलं काहीच बोलणार नाही. मुलाला काळजी नको म्हणून छातीतलं दडपणही लपवेल. छातीत दडपण, अंगात आग, गळ्याशी गोळा या तक्रारींना कोरियन बायका 'ह्वाब्योंग' म्हणतात, वर्षानुवर्षं गिळलेल्या रागाचा आजार. ते असेलही, पण आधी ईसीजी.

आणि "ने, ने" (कोरियनमध्ये 'हो, हो') करत मान डोलावली म्हणजे कळलं असं समजू नका, वडीलधारी माणसं ऐकल्याची पावती देत असतात. "आता घरी सुनेला कसं सांगाल?" असं विचारा. खरी गोची तिथे कळते.

घरी मोजा, वहीत लिहा

दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर, हात टेबलावर टेकवून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजा. अमेरिकेतलं सर्वसाधारण लक्ष्य १३०/८० च्या खाली आहे, वय आणि पडण्याचा धोका पाहून डॉक्टर ते बदलतात. जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग संशोधकांनी कोरियन स्थलांतरितांसाठी राबवलेल्या कार्यक्रमांत घरची मोजणी आणि कोरियन बोलणाऱ्या नर्सचे फोन यांची सांगड होती. अमेरिकेतले बरेच कोरियन चर्चला जातात. रविवारच्या जेवणाआधी हॉलमध्ये एक मशीन मांडून बसलात, तर दवाखान्यात न येणारेही रांगेत उभे राहतील.

आशियाई लोकांत मधुमेह कमी वजनावरही होतो, म्हणून तपासणीसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ ऐवजी २३ धरतात. 'बारीक तर आहेत' या भरवशावर राहू नका.

ताटातला रस्सा

किमची, म्हणजे खारवून आंबवलेली भाजी, बंद करा, असं सांगणाऱ्याचं पुढे कोणी ऐकत नाही. मीठ रश्शातूनही पुष्कळ जातं. सूप आणि जिगे (दाट कोरियन रस्सा) यांतले तोफू, भाज्या, मासे खायचे आणि पाणी भांड्यात सोडायचं. दिवसाची सोडियमची मर्यादा २३०० मिलिग्रॅम धरली तर रामेन या झटपट नूडल्सचं एक पाकीट, मसाल्याच्या पुडीसकट, त्यातलं दीड हजाराच्या आसपास खाऊन टाकतं. अर्धीच पुडी घाला. पांढऱ्या भातात जव किंवा मिश्र धान्यं मिसळणं हे कोरियन घरात जुनंच आहे, त्यामुळे ते पटवावं लागत नाही. ताटात आधी भाज्यांचे बानचान, म्हणजे छोट्या वाट्यांतली तोंडीलावणी, मग भात.

हिपॅटायटिस बी विसरू नका

कोरियात बाळांना यकृताच्या या विषाणूसंसर्गाची सरसकट लस १९९० च्या दशकात मिळू लागली. त्याआधी जन्मलेल्यांनी एकदा तरी रक्ततपासणी करावी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ पासून सगळ्याच प्रौढांना ती सुचवली आहे. संसर्ग निघाला तर यकृततज्ज्ञाकडे नियमित जावं लागतं आणि अनेकांना दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी लागते. एकाच भांड्यातून जिगे खाल्ल्याने हा आजार पसरत नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगा. नाहीतर आजोबांचं ताट वेगळं होतं आणि पुढची तपासणी ते टाळतात.

कोरियाला जाताना

बरेच जण तपासणी तिकडेच उरकून येतात. जाताना औषधांची यादी जेनेरिक, म्हणजे ब्रँडच्या नव्हे तर मूळ औषधाच्या नावांनी न्यावी, येताना रिपोर्टची इंग्रजी प्रत मागून घ्यावी. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि अमेरिकन विम्यावर नवऱ्याचं असेल, तर एकाच आजींच्या दोन फाइली होतात. दोन्ही नावं यादीवर लिहा. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेरचा खर्च जवळपास देतच नाही, तेव्हा तिकिटासोबत प्रवासी विमा काढा आणि त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, ते वाचूनच सही करा.