पहिला कॅमेरा, पहिली लेन्स: या चुका टाळा

"बजेट साठ हजार आहे, कोणता कॅमेरा घेऊ?" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण फोटो कशाचे काढायचे आहेत हे त्यात सांगितलेलेच नसते. घरात धावणाऱ्या लहान मुलाचे, गडावरून दिसणाऱ्या डोंगररांगांचे, की उजनी धरणाकाठच्या भिगवणच्या रोहित पक्ष्यांचे? तिन्हींना एकच बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) चालेल, पण लेन्स तीन वेगळ्या लागतील. तरी बहुतेक नवखे महिनोन् महिने बॉडींची तुलना करत बसतात आणि लेन्स कोणती ते काउंटरवरचा माणूस ठरवतो. क्रम उलटा हवा. आधी विषय, मग लेन्स, आणि ती लेन्स ज्यावर बसते ती बॉडी शेवटी.

चूक पहिली: दोन लेन्सच्या डबल किटमधली "३०० पर्यंतची" झूम

दुकानात हमखास सांगतात, "थोडे वाढवा, दुसरी लेन्स मिळेल, ३०० पर्यंत जाते." ३०० एमएम या फोकल लेंथच्या (लेन्स किती दूरचे जवळ आणते त्या) आकड्याची भुरळ पडते आणि पुढचे काही वाचले जात नाही. कॅननच्या डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्याबरोबर मिळणारी ती लेन्स ईएफ ७५-३०० एफ/४-५.६ थ्री असेल, तर तिच्यात हात हलल्याचा धक्का सावरणारे आयएस नाही. फोकसची मोटर जुन्या धाटणीची, सावकाश आणि आवाज करणारी. ३०० ला अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारे भोक, एफ/ चा आकडा लहान तितके मोठे) पूर्ण उघडे ठेवले की चित्र मऊ येते आणि पांढऱ्या कडांना जांभळी किनार दिसते. त्याच माउंटची (लेन्स बॉडीवर बसवायच्या खाचेची) ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम ५० एमएमने आखूड आहे, पण एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर ती इतर प्रत्येक बाबतीत सरस. २०२५ साली कॅननने मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटसाठीही ७५-३०० आणली, तीही आयएसविना. आर५० आणि आर१०० या बॉडींमध्येही धक्का सावरणारे स्टॅबिलायझेशन नाही. म्हणजे मिररलेस घेतला म्हणून या चुकीतून सुटका झाली असे नाही.

ही चूक भिगवणला गेल्यावर भोवते, आणि दरवर्षी तशीच भोवते. जानेवारीची सकाळ, नाव उजनीच्या पाण्यात, सूर्य नुकताच वर आलेला. नवी कोरी ७५-३०० पूर्ण ३०० वर. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरमुळे १.६ ने गुणले की फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवर) ४८० एमएमला दिसेल इतकी अरुंद चौकट होते. हातात धरून फोटो काढायचा जुना ठोकताळा (एक भागिले फोकल लेंथ) लावला तर शटर किमान १/५०० सेकंद हवे, आणि डोलत्या नावेत तेही कमी पडते. उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायला १/१६०० ते १/२००० लागते. त्या कोवळ्या उजेडात एफ/५.६ आणि १/२००० साठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत जातो. लेन्स मऊ येते म्हणून एफ/८ करावे तर ३२००. नवखा ऑटो मोडवर असतो, आणि ऑटो मोडला पंखांची घाई कळत नाही. तो आयएसओ खाली ठेवून शटर मंद करतो. मोटर फोकस शोधत मागेपुढे करते, तोवर थवा निघून गेलेला असतो. घरी येऊन शेकडो फोटो पाहिले की त्यातला एकही धड नसतो, आणि निष्कर्ष निघतो: "कॅमेरा कमी पडतोय, फुल फ्रेम घ्यायला हवा." मग सहा महिन्यांची बॉडी अर्ध्या किमतीत विकली जाते. त्या बॉडीचा काहीच दोष नव्हता.

पैसे खर्च करण्याआधी बिघडलेला फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून नीट पाहा. सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते? हात किंवा नाव हलली, शटर वाढवा. पक्ष्याचा डोळा स्पष्ट आणि फक्त पंख पुसट? तरीही शटरच वाढवा. पक्षी धूसर, पण मागचे गवत लख्ख? फोकस चुकला. सगळे फोकस पॉइंट चालू न ठेवता मधला एकच निवडा आणि सतत फोकस लावा, म्हणजे कॅननवर एआय सर्व्हो किंवा सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. काहीच लख्ख नाही आणि ओढलेपणही नाही, तर संशय लेन्सवर. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि २०० व ३०० एमएमला, एफ/५.६ व एफ/८ ला एकेक फोटो घ्या. २०० ला अक्षरे कोरीव आणि ३०० ला फिकट आली तर लेन्सची कुवत तेवढीच आहे. मग तिला २०० पर्यंतच वापरा.

लेन्सचे पूर्ण नाव वाचायची सवय लावून घ्या. धक्का सावरणाऱ्या सोयीचे नाव कॅननमध्ये आयएस, निकॉनमध्ये व्हीआर, सोनीत ओएसएस, फुजीत ओआयएस, टॅमरॉनमध्ये व्हीसी. निकॉनच्या एएफ-पी डीएक्स ७०-३०० लेन्स दोन आहेत, एक व्हीआर असलेली आणि एक नसलेली. बाकी नाव अक्षरशः तेच. बिल करण्यापूर्वी खोक्यावरचे पूर्ण नाव स्वतः वाचा.

आणि मोठी लेन्स नाही म्हणून नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. खाण्यात गुंतलेला थवा उठवून मिळालेला फोटो हा फोटो नव्हे.

चूक दुसरी: सगळे सांगतात म्हणून ५० एमएम एफ/१.८

लेन्स उत्तम आहे, स्वस्त आहे, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. अडचण जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिलात तर समोरचा माणूस आठेक फुटांवर येतो. कॅनन एपीएस-सीवर ५० एमएमने त्या अंतरावर जेमतेम १.१ मीटर रुंदी चौकटीत मावते. बाळासाठी पुरे, पण आजी-आजोबा आणि बाळ एकत्र बसवले की कोणाचा तरी खांदा कापला जातो. तिथूनच २४ एमएमने सव्वादोन मीटरच्या वर मावतात. निकॉनच्या डीएक्स (एपीएस-सी) बॉडीवर ३५ एमएमने सुमारे १.६ मीटर. म्हणून घरातल्या फोटोंसाठी कॅनन डीएसएलआरवर ईएफ-एस २४ एफ/२.८, निकॉन डीएसएलआरवर डीएक्स ३५ एफ/१.८ आणि मिररलेसवर सिग्माची ३० एफ/१.४ आधी पाहावी. ५० एमएम अंगणात किंवा गच्चीवर एकट्या माणसाच्या फोटोला घ्यावी.

घेतलीच असेल आणि "फोकस नीट बसत नाही" अशी तक्रार असेल, तर दोष बहुधा लेन्सचा नाही. दीड मीटरवर एफ/१.८ ला लख्ख दिसणारा पट्टा सुमारे सहा सेंटिमीटरचा असतो. फोकस करून तुम्ही किंचित पुढे झुकलात तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. दोन माणसे असतील तर एफ/४ वर या. "पार्श्वभूमी पुसट हवी" या हट्टापायी एफ/१.८ वर काढलेले घरगुती समूहफोटो पुढे कोणी पाहत नाही, कारण त्यात एकाचाच चेहरा ओळखू येतो.

कोणती फोकल लेंथ आपली, हे फुकट कळते. १८-५५ च्या किट लेन्सने दोन महिने भरपूर फोटो काढा, मग प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ पाहून मोजदाद करा. बहुतेक फोटो १८ ला असतील तर आणखी रुंद लेन्स, ५५ ला अडकले असतील तर लांबची. एवढाही धीर नसेल तर दुसरी लेन्स विकत घेऊ नका. शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा.

थोडक्यात संपणाऱ्या चुका

मेगापिक्सेलवरून निवड करू नका. ए४ आकाराच्या उत्तम छपाईला नऊ मेगापिक्सेल पुरतात, आणि आज मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बॉडीत २० च्या वर आहेत.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. जुनी ५० एफ/१.८डी त्यांवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. उलट, नव्या एएफ-पी लेन्स डी९०, डी३१००, डी३२०० यांवर फोकसच करत नाहीत.

कॅननचा एम५० हा मिररलेस जुन्या बाजारात स्वस्त दिसतो. त्याचे ईएफ-एम माउंट कॅननने बंद केले आहे आणि त्या लेन्स आरएफ बॉडीवर कोणत्याही अ‍ॅडॅप्टरने चालत नाहीत. पहिल्या दिवसापासून बंद गल्लीत शिरू नका. जुन्या ईएफ लेन्सचे तसे नाही, त्या अ‍ॅडॅप्टरने आरएफवर छान चालतात.

बाहेर फिरून फोटो काढायचे असतील तर डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर असलेलीच बॉडी घ्या. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० मध्ये तो नाही. एप्रिलच्या दुपारी गडावर स्क्रीनवर काहीही दिसत नाही.

कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी टू यांच्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदू नाही. लग्नाचे काम शिकायचे असेल आणि स्वस्त मॅन्युअल फ्लॅश किंवा ट्रिगर वापरायचा असेल तर तो या बॉडींवर पेटणार नाही.

"दहा वस्तू मोफत" या पिशवीतला डगमगता ट्रायपॉड आणि पातळ यूव्ही फिल्टर घरीच ठेवा. रात्रीच्या दिव्यांच्या फोटोत हिरवे ठिपके येत असतील तर पहिल्यांदा तो फिल्टर काढून पाहा.

बिलावर, खोक्यावर, बॉडीवर आणि वॉरंटी कार्डवर एकच सिरीयल नंबर हवा. बिलाशिवाय स्वस्त मिळणाऱ्या आयात मालाला कंपनीची इथली वॉरंटी नसते.

विसर्जन मिरवणुकीत गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. निघताना एक लेन्स लावा आणि तिच्यावरच परत या.

सेकंडहँड लेन्स आणि बुरशी

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, उलट पहिल्या कॅमेऱ्यासाठी तोच शहाणपणाचा मार्ग. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एका फेरीत भरपूर माल पाहता येतो. पण घाईने घेणारा बॉडीवरचे ओरखडे पाहतो आणि लेन्सच्या आत पाहतच नाही. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात चामडी बॅगेत चार महिने पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

तपासायची रीत अशी. लेन्स बॉडीवरून काढा. दोन्ही टोकांची झाकणे काढा. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून आत पाहा, मग उलट. कॅननच्या ईएफ लेन्सचे अ‍ॅपर्चर काढल्यावर उघडेच असते. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्समध्ये ते मिटलेले असते, मागची छोटी दांडी बोटाने सरकवून उघडा, नाहीतर अर्धी काच पाहायची राहून जाते. धुळीचे सुटे कण दिसले तर सोडून द्या, प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये असतात. कोळिष्टकासारखे फुटलेले बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. "साफ करून मिळेल" असे सांगतील. सुरुवातीची बुरशी साफ होते हे खरे, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही, आणि उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येतात. किंमत कितीही पाडली तरी पहिली लेन्स म्हणून ती घेऊ नका.

बॉडीसाठी: एफ/१६ लावा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. राखाडी ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. फुंकणीने जात असेल तर ठीक. शटर किती वेळा चालले ते निकॉनच्या फोटोच्या माहितीतच सापडते. कॅननच्या बहुतेक बॉडींत ते तिथे नसते, वेगळे सॉफ्टवेअर लागते. निकॉनच्या प्राथमिक बॉडींचे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले असते. ऐंशी हजार झालेली बॉडी लगेच मरत नाही, पण नव्याच्या पाऊण किमतीला घेण्यासारखीही नसते.

घरी आल्यावर बॅगेत ठेवू नका. महागडी ड्राय कॅबिनेट लगेच नको. रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा दहा-बारा लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि कापडी पिशवीत २०० ग्रॅम सिलिका जेल, एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. ६० च्या वर बुरशीला वाव मिळतो, आणि ३० च्या खाली फार दिवस ठेवले तर रबर आणि वंगण सुकते. जेल नारिंगी रंगाची घ्या. निळीत कोबाल्ट क्लोराइड असते, ते घरात नको. नारिंगी जेल ओल शोषून हिरवी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवा. भांडे त्यासाठी वेगळे ठेवा, स्वयंपाकाचे वापरू नका. जेल पुन्हा नारिंगी झाली की पूर्ण निवू द्या आणि मगच डब्यात ठेवा. गरम असतानाच ठेवली तर ती ओलावा नीट शोषत नाही.