गावठी कुत्र्यापासून थेरपी डॉगपर्यंत: निवड, तयारी आणि चाचणी

पारावर वाढलेलं गावठी कुत्रं थेरपीच्या कामाला चालतं. जातीची अट कुठेच नाही. थेरपी डॉग म्हणजे आपल्या माणसासोबत दवाखान्यात, वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत जाणारं, तिथल्या माणसांना हात लावू देणारं आणि गडबडीतही शांत राहणारं कुत्रं. अंध व्यक्तीला वाट दाखवणारं कुत्रं वेगळं, कारण ते एकाच माणसासाठी काम करतं. थेरपी डॉगला अनोळखी माणसाचा हात मनापासून आवडावा लागतो. ही आवड शिकवून येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ निवडीला द्या.

कुत्रं निवडताना

दीड ते चार वर्षांचं कुत्रं घ्या. पिलू गोड दिसतं, पण दोन वर्षांनी त्याचा स्वभाव कसा निघेल ते कळत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. आठ-दहा दिवस रोज एकाच वेळी जा, काही अंतरावर उकिडवे बसा आणि हाक मारू नका. कुत्रं स्वतःहून जवळ येऊन अंग टेकवतं का, एवढंच पाहा. खाऊ संपल्यावरही जे थांबतं, ते कामाचं.

मग तीन साध्या परीक्षा घ्या. दहा-बारा फुटांवर स्टीलचं ताट पाडा. दचकणं ठीक आहे, पण अर्ध्या मिनिटात कुत्र्याने परत येऊन ताट हुंगायला हवं. तासभर पडवीखाली लपणारं कुत्रं या कामात दुःखी होईल. दुसरी परीक्षा म्हणजे जमिनीवरून काही उचलायला वाकल्यासारखं करा. गावातलं प्रत्येक कुत्रं मागे सरेल, कारण वाकलेला माणूस म्हणजे दगड हे त्याला पाठ असतं. किती लवकर परत येतं, ते बघा. तिसरी परीक्षा खाण्याची. कुत्रं खात असताना सहा फुटांवरून त्याच्याजवळ चिकनचा तुकडा टाका. अंग ताठ झालं, खाण्याचा वेग वाढला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर ते खाणं राखणारं कुत्रं आहे. ताटात हात घालून ही परीक्षा कधीच घेऊ नका.

कोणाला चावलेलं कुत्रं घेऊ नये. आणि पाच घरं ज्याला भाकर टाकतात, लेकरं ज्याच्या गळ्यात हात टाकून झोपतात, त्या कुत्र्याला उचलून आणण्याआधी त्या घरांना विचारा. कदाचित ते जिथे आहे तिथेच सुखी असेल.

पहिले दोन महिने: फक्त तब्येत

पशु जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, पण पाळीव कुत्र्याची मालकाची. कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली असते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी रेबीजची लस टोचून घ्या. सोबत डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसची एकत्रित लस द्या आणि तिचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून अंदाजाने गोळी न देता वजन करा. वजनकाटा नसेल तर कुत्र्याला उचलून धान्याच्या काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा.

आपल्याकडे गोचीड हा मोठा त्रास. गोचिडातून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. कुत्रं सुस्त पडतं, ताप येतो, हिरड्या पांढरट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. अशा कुत्र्याला "स्वभावाने शांत" समजून निवडलं जातं, आणि औषधोपचारानंतर त्याचा खरा स्वभाव दिसतो. म्हणून रक्ततपासणी आधी, शिकवणी नंतर. मोकाट फिरलेल्या नर-मादीत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ दिसली तर ती टीव्हीटी असू शकते. हा संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे, पण व्हिन्क्रिस्टीन या औषधाच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. गावच्या दवाखान्यात सोय नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था गाठा.

नव्या कुत्र्याला रेबीजची बाधा आधीच झालेली असू शकते. लक्षणं दिसायला बहुधा दोन आठवडे ते चार महिने लागतात, कधी जास्तही, आणि बाधा झाल्यावर कुत्र्याला दिलेली लस उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून निदान चार महिने ते बाहेरच्या कोणाच्याही अंगावर नेऊ नये. घरात सांभाळणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून स्वतः आधीच रेबीजची लस घ्यावी. दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना काही लावू नका.

दगडाची आणि काठीची भीती घालवणं

शिकवणीचा गाभा हाच. वृद्धाश्रमात आजोबा काठी टेकत येतील, पक्षाघात झालेला हात अचानक वर जाईल, कोणी खाली पडलेला रुमाल उचलेल. कुत्र्याच्या लेखी या तिन्ही गोष्टी "हाड!" म्हणण्यासारख्या आहेत.

एक अंडं उकडा आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीस-चाळीस तुकडे करा. कुत्रं पाच-सहा फुटांवर असताना वाका, जमिनीवर एक तुकडा ठेवा, सरळ उभे राहा, दोन पावलं मागे जा. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. आठवड्याभरात वाकताना कुत्रं मागे न जाता पुढे येऊ लागेल. मग घरातल्या दुसऱ्या माणसाने वाकायचं, मग शेजाऱ्याने, मग लेकरांनी. हात वर करण्याचंही असंच: आधी छातीपर्यंत सावकाश, मग खांद्यापर्यंत, शेवटी झटक्याने डोक्यावर.

काठीला तीन-चार आठवडे द्या. ती आधी अंगणात नुसती पडलेली, भोवती खाऊ. तिच्यावरून कुत्रं बेफिकीर चालू लागलं की भिंतीला टेकवून ठेवा. मग हातात, पण न हलवता. मग टेकत चालणं, मग टक-टक आवाज. बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी काठी हातात घेऊन कुत्र्याजवळ जातात आणि महिन्याभराची कमाई घालवतात. कुत्रं थबकलं तर एक पायरी मागे या, पुढे ओढू नका.

व्हीलचेअर मिळेपर्यंत प्लास्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवरून ओढा, सायकल हातात धरून शेजारून न्या. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तेही आधीच अंगवळणी पडू द्या.

पट्टा, "सोड" आणि बसणं

गळ्यात साखळी नको. छातीचा हार्नेस आणि चार ते सहा फुटांची सपाट दोरी पुरे. फिरवायला गावातला मुख्य रस्ता टाळा. बांधलेलं कुत्रं दिसलं की मोकाट टोळी अंगावर येते, आणि एकदा फाडाफाड झाली की इतर कुत्र्यांचा राग बसतो. पहाटे पांदणीने न्या. टोळी दिसलीच तर मूठभर खाऊ तिच्या दिशेने फेका आणि वळून निघा. फवारणीच्या दिवसांत पराटीच्या (कपाशीच्या) शेतातून नेऊ नका. धुऱ्यावरून (बांधावरून) जाऊन आलात तरी पाय धुवा, कारण कुत्रं पाय चाटतं.

"बस", "थांब", "ये" हे शब्द कोणीही शिकवतं. या कामात खरा महत्त्वाचा शब्द "सोड". दवाखान्याच्या फरशीवर गोळ्या पडलेल्या असतात आणि पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरतं. मुठीत खाऊ धरा. कुत्रं हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी "हो" म्हणा आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्या, मुठीतला नव्हे. मग उघड्या तळहातावर, मग जमिनीवर पायाखाली झाकून, शेवटी चालता चालता.

शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. मार नको, ओरडणं नको. गुरगुरण्यावर तर कधीच रागावू नका. मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही, आणि मग ते न सांगता चावतं.

"नको" ओळखणं

कुत्र्याला तीन सेकंद कुरवाळा आणि हात मागे घ्या. ते अंग टेकवत पुढे आलं तर हवंय. मान वळवली, जीभ ओठांवरून फिरवली, जांभई दिली, अंग झाडलं, तर पुरे झालं. शेपूट पायात जाईपर्यंत थांबू नका, तो शेवटचा टप्पा आहे. आणखी एक खूण फरशीवर दिसते: घाबरलेल्या कुत्र्याचे तळपाय घामेजतात आणि ओले ठसे उमटतात. ठसे दिसले की बाहेर पडा. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, ही समजूत सोडा. ताठ, उंच, बारीक हलणारी शेपूट ताणाची असते.

चाचणी आणि प्रमाणपत्र

भारतात थेरपी डॉगसाठी सरकारी परवाना नाही. प्रमाणपत्र देतात त्या प्राण्यांच्या साहाय्याने उपचाराचं काम करणाऱ्या खासगी संस्था. मुंबई-पुण्याकडची ॲनिमल एंजल्स फाउंडेशन या क्षेत्रातली जुनी संस्था आहे. कुत्र्याला प्रत्यक्ष न पाहता, पैसे भरताच ओळखपत्र पाठवणाऱ्या वेबसाइटच्या कागदाला काहीच किंमत नाही. आणि खऱ्या प्रमाणपत्रानेही कुठे शिरण्याचा हक्क मिळत नाही. प्रत्येक ठिकाणी परवानगी घ्यावीच लागते.

तयारीसाठी दोन परदेशी चाचण्या उत्तम नमुना आहेत. अमेरिकन केनेल क्लबची १९८९ पासूनची "कॅनाइन गुड सिटिझन" चाचणी दहा भागांची आहे. अनोळखी माणसाचं स्वागत, कुरवाळू देणं, कान-पंजे तपासू देणं, सैल दोरीवर चालणं, गर्दीतून जाणं, बसणं-थांबणं, हाकेला येणं, दुसरं कुत्रं पाहून शांत राहणं, मोठ्या आवाजाला न बिथरणं, आणि मालक नजरेआड असताना तीन मिनिटं राहणं. या शेवटच्या भागात गावठी कुत्री बऱ्याचदा अडतात, कारण एकदा घर मिळालं की ती माणसाला चिकटतात. दहा सेकंदांपासून सुरुवात करा.

"पेट पार्टनर्स" या संस्थेची चाचणी थेरपीच्या कामाला जास्त जवळची. तीत वेडावाकडा हात फिरवणारा माणूस, घट्ट मिठी, लडखडत येणारा रुग्ण, जवळपास चाललेलं भांडण आणि एकाच वेळी चार-पाच जणांनी हात लावणं असतं. त्यांच्याकडे कुत्रं किमान एक वर्षाचं आणि निदान सहा महिने घरात राहिलेलं लागतं, कच्चं मांस खाणारं कुत्रं चालत नाही, आणि दर दोन वर्षांनी फेरतपासणी होते. चाचणी जोडीची असते. कुत्रं जांभया देतंय आणि मालकाचं लक्ष नाही, तर जोडी नापास. घरी आणल्यापासून इथवर पोचायला वर्ष लागलं तर ते योग्य गतीने झालं असं समजा.

पहिल्या भेटी

सुरुवात जिथे ओळखीची, थोडी आणि बसून असणारी माणसं असतात तिथे करा. छोटा वृद्धाश्रम किंवा पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांच्या मदतीने दोन-तीन मुलं. संस्थेला अर्ज द्या आणि सोबत लसीकरणाच्या नोंदींची प्रत, भेटीची वेळ, जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव आणि चावा बसल्यास काय करायचं ते लिहून द्या. काय साधायचं ते फिजिओथेरपिस्टने किंवा शिक्षकाने ठरवावं. खांदा आखडलेल्या आजींनी कुत्र्याला ब्रशने विंचरलं तर तो व्यायाम होतो. वाचताना अडखळणाऱ्या मुलाने कुत्र्याला धडा वाचून दाखवला तर कोणी चूक काढत नाही.

पहिल्या भेटी पंधरा-वीस मिनिटांच्या, नंतरही तासाच्या आत, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त नको. आदल्या दिवशी आंघोळ, नखं कापलेली, वाहनात बसायच्या आधी तीन-चार तास पोट रिकामं. सोबत पाणी आणि एक जुनी सतरंजी न्या. सतरंजीवर बसलं की काम, उठून गेलं की काम बंद, आणि उठलेल्या कुत्र्याला कोणीही परत बोलवायचं नाही. दोरी सदैव तुमच्या हातात. दुसरा माणूस फक्त लोकांकडे लक्ष द्यायला हवा.

हात लावण्याआधी आणि नंतर सगळ्यांनी हात धुवावेत. उघडी जखम, केमोथेरपी, श्वानकेसांची ॲलर्जी किंवा कुत्र्याची भीती असलेल्यांकडे नेऊ नका. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांची प्लीहा (जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) बहुधा नीट काम करत नाही. कुत्र्याच्या लाळेतले कॅप्नोसायटोफॅगासारखे जंतू निरोगी माणसाला सहसा काही करत नाहीत, पण अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. तिथे डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. चाटणं तर कोणाच्याच बाबतीत नको.

एप्रिल ते पावसाची पहिली सर येईपर्यंत भेटी सकाळी साडेआठच्या आत संपवा. पारा पंचेचाळीसवर जाणाऱ्या दिवसांत डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसलं नाही तर कुत्र्याच्या पायांनाही सोसणार नाही. जोरात धापा, घट्ट लाळ, लडखडणं दिसलं तर सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्याला फोन करा. पोळा आणि दिवाळीच्या फटाक्यांनंतर निदान दोन-तीन दिवस भेट ठेवू नका.

एक वही ठेवा: तारीख, किती मिनिटं, किती माणसं, कुत्र्याने कोणत्या क्षणी मान वळवली. लागोपाठ तीन भेटींत ते दारातच थबकलं तर दोन महिने काम थांबवा आणि तब्येत तपासून घ्या, बऱ्याचदा कान किंवा सांधे दुखत असतात. तपासणीत काही निघालं नाही आणि पाय तरीही दारात अडत असतील, तर ते निवृत्त. वृद्धाश्रमातल्या माणसांना ते आधी सांगा, नाहीतर ती दर मंगळवारी वाट बघत बसतात.